दामोदर हॉल गेला, आता आमच्या चाळीचा हॉल

प्रश्न : ताई, माझे वडील लालबागला गिरणीत होते. गावच्या मंडळाचं नमन, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, परळच्या दामोदर हॉलला लागलं की त्यातलं संकासुराचं सोंग तेच करायचे. हॉल रिडेव्हलपमेंटसाठी बंद झाला तेव्हा दोन दिवस नीट जेवले नाहीत. आता आमची चाळ आणि चाळीचा हॉलपण पाडतायत, बिल्डर म्हणतो नवीन हॉल मिळणारच. दामोदरचा इतिहास काय, आणि आम्ही सही करताना काय बघावं?

उत्तर : दादा, वडिलांचं दुःख मला कळतं, कारण दामोदर म्हणजे नुसतं थिएटर नव्हतंच. कामगार नेते ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणी कामगारांसाठी वाचनालयं, रात्रशाळा असं काम सुरू केलं, आणि १९२२ मध्ये दामोदर हॉल उभा राहिला. ९ मार्च १९२४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलावली ती इथेच, आणि त्यातून त्याच वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा ही अस्पृश्यांच्या उन्नतीसाठीची संस्था निघाली, तिचं ऑफिसपण दामोदरलाच होतं. म्हणजे ज्या जागेत अशी सभा झाली त्याच जागेत पुढे वडिलांसारखी माणसं पाळी संपवून तोंडाला रंग लावून उभी राहिली, नमन, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब, दशावतार, कामगारांची नाटकं सगळं तिथे झालं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, टॉवर आले, तरी कोकणातली मंडळं तिथेच यायची कारण भाडं परवडायचं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हॉल बंद झाला आणि कलाकारांनी, सहकारी मनोरंजन मंडळ या नाट्यसंस्थेने आंदोलन केलं. नवीन नाट्यगृह छोटं होईल, आपल्या हातातून जाईल ही त्यांची भीती होती, आणि मला ती शंभर टक्के रास्त वाटते.

आता तुमचं. 'हॉल मिळणार' एवढ्यावर अजिबात सही करू नका. वडिलांनाच विचारा, संकासुर कमरेला घुंगरं बांधून उड्या मारत आला, मागे मृदंगवाले आणि खेळ्यांची, म्हणजे नाचणाऱ्यांची, रांग उभी राहिली की किती जागा लागते, आणि ते माप टेपने मोजून आर्किटेक्टला द्या. बऱ्याच नवीन बिल्डिंगमध्ये सोसायटी हॉल म्हणजे मधोमध खांब असलेली, छत खाली असलेली एसी खोली असते, तिथे वाढदिवस होतो, नमन होत नाही. स्टेजची रुंदी-खोली, छताची उंची, मेकअपची खोली, सामान चढवायची वाट, भाडं कोण ठरवणार, बाहेरच्या मंडळांना देणार का, हे सगळं करारात आणि मंजूर प्लॅनवर आकड्यांसकट पाहिजे. बांधकाम चालू असताना तालमीला जागा कुठे देणार तेपण लिहून घ्या, कारण तीन-चार वर्षं तालीम बंद पडली की मंडळ मोडतं आणि मग हॉल कितीही चांगला मिळाला तरी उभं राहायला माणसं नसतात.

आणि वडिलांचं गण-गवळण तोंडपाठ असेल तर या आठवड्यातच मोबाईलवर रेकॉर्ड करा.