मधली भाषा मध्येच येते

भाषा शिकण्यावरच्या तुमच्या पत्रांत या वेळी जर्मनची पत्रं जास्त आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याचा मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून नर्सिंगवाले, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर सगळ्यांच्या तोंडी जर्मन आहे. त्यामुळे पहिलं उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मी सांगलीची, बीएस्सी नर्सिंग झालंय. जर्मनची बी-वन (सहापैकी तिसरी) पातळी पास झाले, आता बी-टूची तयारी. क्लासमध्ये मराठी बोलायला बंदी आहे, ग्रामर सगळं इंग्लिशमधून समजावतात. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे डोक्यात आधी मराठीच येतं आणि सर म्हणतात ही सवय मोडल्याशिवाय जर्मन येणार नाही. दुसरं म्हणजे मला ऐकून सगळं कळतं पण बोलायची वेळ आली की तोंडच उघडत नाही. माझं काय चुकतंय?

तुझं काहीच चुकत नाहीये गं. आधी एक कबुली देते, मी शिकवायला लागले तेव्हा मीही मराठीवर दंड ठेवला होता, एका मराठी शब्दाला एक रुपया. वर्ष संपताना त्या डब्यातल्या पैशांची सगळ्या बॅचने भेळ खाल्ली, एवढाच त्याचा उपयोग झाला.

आता तुझ्या सरांचं बघू. त्यांना मराठी नको, पण इंग्लिश चालतं, म्हणजे मधे एक भाषा आहेच ना, फक्त ती तुझी नाही. आणि गंमत म्हणजे जर्मनच्या बऱ्याच गोष्टींत मराठी इंग्लिशपेक्षा जवळची पडते. हे वाक्य घे, 'वाइल इख क्रांक बिन'. शब्दाला शब्द ठेव. वाइल म्हणजे कारण, इख म्हणजे मी, क्रांक म्हणजे आजारी, बिन म्हणजे आहे. 'कारण मी आजारी आहे.' एकही शब्द हलवावा लागला नाही! हेच इंग्लिशमधून शिकवलं की 'आहे' आधी मधे घालायचं, मग नियम सांगायचा की पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं, मग अपवाद वाटतो, मग पाठ करायचं, मग परीक्षेत चुकायचं.

दुसरं तुझ्या कामाचं. पेशंटला थंडी वाजतेय तर तो म्हणतो 'मीर इस्ट काल्ट', म्हणजे 'मला' थंड आहे. मळमळतंय, कसंतरी होतंय तर 'मीर इस्ट श्लेख्ट', परत 'मला'. आवडतं म्हणायचं तर 'दास गेफेल्ट मीर', ते 'मला' आवडतं. इंग्लिशवरून जाणारी पोरं इथे हटकून 'इख बिन' लावतात आणि 'इख बिन श्लेख्ट' म्हणजे मी वाईट माणूस आहे असं होऊन बसतं. (गरम होतंय सांगताना 'इख बिन' लावलं तर काय अर्थ निघतो ते इथे छापण्यासारखं नाही, सरांना विचार.) आपण जन्मापासून 'मला' भूक लागते, 'मला' झोप येते असंच बोलतो, मग ते विसरून इंग्लिशच्या 'मी'वर कशाला जायचं?

मान देऊन बोलायचं झालं तर त्यांचं 'झी' आणि 'दू' म्हणजे आपलं 'तुम्ही' आणि 'तू', इंग्लिशमध्ये दोन्हीला एकच. लिंगंही तीन, तो-ती-ते सारखं डेर-डी-दास. अर्थात कुठल्या शब्दाला कुठलं ते जुळत नाही, त्यांचा चंद्र तो आहे पण सूर्य ती आहे, आणि जेवणाच्या टेबलावर चमचा तो, काटा ती आणि सुरी ते. मुलगी तर चक्क नपुंसकलिंगी. त्यावर पुण्याची पोरं हसतात, पण सिंधुदुर्गातली किंवा गोव्याची मुलं असली की ती हसत नाहीत, त्यांच्या घरी 'तां चेडू', म्हणजे 'ते मुलगी', असतंच.

मराठी सगळीकडे तारून नेते असं नाही हं. साध्या वाक्यात जर्मन क्रियापद कायम दुसऱ्या जागेवर लागतं, 'आज जाते मी घरी' अशा चालीवर, आणि तिथे ना मराठी कामाला येते ना इंग्लिश. ते घोटूनच बसवावं लागतं.

यावर संशोधनही झालंय. कॅमिला बार्डेल आणि यल्वा फाल्क या स्वीडनमधल्या दोन अभ्यासकांनी २००७ मध्ये तिसरी भाषा म्हणून स्वीडिश किंवा डच शिकणाऱ्यांची वाक्यं तपासली, नकाराचा शब्द कुठे ठेवतात ते बघितलं. शिकणारे मातृभाषेपेक्षा दुसऱ्या, म्हणजे मोठेपणी शिकलेल्या भाषेच्या सवयी तिसरीत जास्त आणत होते. जणू डोक्यात 'परकी भाषा' नावाचा एक कप्पा असतो आणि नवी भाषा आली की हात आधी त्याच कप्प्यात जातो. ही काही शेवटची गोष्ट नाही, या विषयात वेगळं म्हणणारेही आहेत, पण मला वर्गात रोज हेच दिसतं. पोरं जर्मन चुकतात ती मराठीमुळे कमी आणि इंग्लिशमुळे जास्त. म्हणून तू वहीत तीन रकाने कर, जर्मन, शब्दशः मराठी आणि नीट मराठी. इंग्लिशचा रकाना नको.

आता तोंड न उघडण्याचं. कॅनडात १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावात इंग्लिश बोलणाऱ्या आईबापांनी हट्ट धरून मुलांची शाळाच फ्रेंचमधून सुरू करून घेतली आणि मग तो प्रकार देशभर पसरला. बरीच वर्षं शाळेत फ्रेंच कानावर पडून मुलांना ऐकलेलं-वाचलेलं जवळजवळ फ्रेंच मुलांइतकंच कळायला लागलं, पण बोलताना लिहिताना व्याकरण लंगडंच राहिलं. मेरिल स्वेन या भाषा-अभ्यासक बाईंनी १९८५ मध्ये त्याचं कारण मांडलं, की ऐकताना माणूस चार शब्द पकडून अर्थ लावतो, प्रत्ययाकडे बघायची गरजच पडत नाही. ती गरज बोलताना पडते, कारण तेव्हा डेर की डी ते तुम्हालाच ठरवायचं असतं. त्यामुळे आणखी ऐकून तुझं तोंड उघडणार नाही.

एक उपाय सांगते, न्यूझीलंडचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन शिक्षकांना हा सुचवत असत. एकच विषय, समज 'आजची माझी ड्यूटी', पहिल्यांदा चार मिनिटं बोलायचा, मग तोच दुसऱ्या कुणाला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच असल्यामुळे काय बोलू हा प्रश्न उरत नाही आणि वेग आपोआप येतो. ऐकायला माणूस नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड कर.

प्रश्न : मॅडम, वय ६३, ठाणे. मुलगा जर्मनीत स्थायिक झालाय, पाच वर्षांची नात मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तर देते. मी ए-वनचा, म्हणजे पहिल्या पातळीचा, क्लास लावला तर मित्र हसतात, म्हणतात या वयात भाषा येत नसते. खरं आहे का?

काका, मित्रांचं अर्धं खरं आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी इंटरनेटवरच्या एका इंग्लिश ग्रामरच्या चाचणीतून साडेसहा लाखांहून जास्त लोकांची उत्तरं तपासली, त्यात व्याकरण उचलायची ताकद सतराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत टिकते आणि नंतर घसरते असं निघालं. म्हणजे तिथल्या माणसासारखं अगदी बिनचूक बोलणं आता अवघड. पण ते हवंय कुणाला? तुम्हाला नातीशी बोलायचंय.

आणि सुरुवातीच्या शर्यतीत मोठी माणसं मागे नसतात. १९७८ मध्ये हॉलंडमधला एक अभ्यास छापून आला, तिथे राहायला गेलेल्या इंग्लिश बोलणाऱ्या कुटुंबांचा. वर्षभर सगळ्यांचं डच तपासलं तर सगळ्यात पुढे १२ ते १५ वर्षांची मुलं, मोठ्यांनीही आधीच्या महिन्यांत चांगलीच मजल मारली, आणि सगळ्यात मागे कोण, तर तीन ते पाच वर्षांची पिल्लं! लहान मुलं पटकन शिकतात असं आपल्याला वाटतं कारण त्यांना वाक्यं छोटी लागतात आणि चुकलं तरी लाजत नाहीत.

मित्रांना आणखी एक नाव ऐकवा, फादर स्टीफन्स. १५७९ मध्ये तिशीचा हा इंग्रज गोव्यात उतरला तेव्हा त्याला मराठीचं अक्षर ठाऊक नव्हतं आणि १६१६ मध्ये त्याचं हजारो ओव्यांचं मराठी पुराण छापून निघालं. मधे सदतीस वर्षं गेली म्हणा, तुम्हाला तेवढी लागणार नाहीत, ए-वनला काही महिने पुरतात.

क्लास जरूर लावा, पण नातीशी मराठीच बोला. जर्मन तिला शाळा देणारच आहे, मराठी देणारी तुम्ही दोन-चार माणसंच आहात. तुमचं जर्मन ती काय म्हणतेय ते कळण्यापुरतं असू दे. ती जर्मनमध्ये बोलली की 'अस्सं, भूक लागली होय तुला?' असं मराठीत म्हणायचं आणि पुढे चालायचं, तिला पुन्हा म्हणायला लावायचं नाही.

प्रश्न : आता मोबाइल सगळं भाषांतर करतो, मग भाषा शिकायचीच कशाला? (इयत्ता दहावी, जळगाव)

कॅल्क्युलेटर आला तरी पाढे का, असाच प्रश्न आहे हा. बिल, नोटीस, बसचं वेळापत्रक याला मोबाइल वापर, मीही वापरते. पण शिकताना आधी आपलं वाक्य आपण लिही, मग मोबाइलला विचार आणि फरक कुठे पडला ते बघ. उलट क्रमाने केलंस तर शिकणार मोबाइलच.

प्रश्न : नमस्कार, मी कोइंबतूरचा, बँकेत आहे, कोल्हापूरला बदली होऊन आठ महिने झाला. पुस्तक आणून मराठी शिकतोय, ते हिंदीमधून आहे. काल मी भाकरी खाल्लो म्हणालो तर सगळे हसले. मी मराठी बोललो की लोक हिंदीत उत्तर देतात. काय करावं?

आठ महिन्यांत एवढं पत्र मराठीत लिहिलंत, आधी टाळ्या.

तुमचं दुखणं सांगलीच्या ताईसारखंच आहे, फक्त तिची मधली भाषा इंग्लिश आणि तुमची हिंदी. बघा, 'आम्ही' आणि 'आपण' यातला फरक हिंदीभाषक मित्रांना वर्षानुवर्षं जमत नाही, त्यांच्याकडे दोन्हीला 'हम'. तुमच्या तमिळमध्ये मात्र समोरच्याला धरून 'नाम' आणि सोडून 'नांगळ' आहेच की! 'येतो म्हणून सांगितलं' यातलं 'म्हणून' हिंदीतून कळणारच नाही, पण तुमच्या 'वरेन्-नु सोन्नान'मधलं 'नु' म्हणजे तेच. हिंदीचं पुस्तक बंद करा असं नाही म्हणत, पण समासात तमिळ लिहीत जा.

भाकरीचं म्हणाल तर तमिळमध्ये क्रियापद कायम खाणाऱ्याप्रमाणे चालतं, मराठीत भूतकाळात ते खाल्लेल्या वस्तूप्रमाणे चालतं. तुम्ही तमिळचा नियम प्रामाणिकपणे पाळलात. पिट कॉर्डर या भाषा-अभ्यासकांनी १९६७ मध्येच लिहून ठेवलंय की अशा चुका म्हणजे शिकणाऱ्याच्या डोक्यात नियम कसा तयार होतोय त्याची खिडकी असते.

लोक हिंदीत उत्तर देतात हा आम्हा मराठी माणसांचा जुना रोग, त्यावर औषध नाही. तुम्ही मराठीतच पुढे बोलत राहायचं, दोन-तीन वाक्यांनंतर समोरचा आपसूक वळतो. ऑफिसातल्या एकाला मात्र पकडा आणि सांगा, मी चुकलो की बरोबर वाक्य स्वतः म्हणू नकोस, फक्त 'काय खाल्लं?' असं विचार. माँट्रियलकडच्याच तशा फ्रेंच वर्गांवर १९९७ मध्ये एक अभ्यास झाला, त्यात शिक्षक बहुतेक वेळा बरोबर वाक्य हळूच म्हणून दाखवत होते आणि मुलं त्यावरच सगळ्यात कमी सुधारत होती. उत्तर स्वतःला शोधावं लागलं की सुधारणा जास्त.

आणि जे हसले त्यांना एकदा सोलापूरकडं घेऊन जा, 'मी काम केलो' म्हणणारी अस्सल मराठी माणसं तिकडं पैशाला पासरी भेटतील.