वजन उतरले, तरी मुलगी फोटोत यायला तयार नाही

प्रश्न : माझी मुलगी वीस वर्षांची असून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती लहानपणापासून अंगाने भरलेली आणि रंगाने सावळी. वर्षभरापूर्वी तिने स्वतःहून जिम लावली, रात्रीची भाकरी बंद केली आणि नऊ किलो वजन कमी केले. घरात सगळ्यांना आनंद झाला, तिला मात्र झाला नाही. ऐन मे महिन्यातही ती पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालते आणि ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना लावूनच बाहेर पडते. मामेबहिणीच्या हळदीत सर्वांचे फोटो हिनेच काढले, कारण मोबाइल हातात असला की स्वतःला फोटोत यावे लागत नाही. आता जिमचे ट्रेनर आणखी तीन महिन्यांचे पॅकेज घ्या म्हणतात, तर कॉलेजातल्या मॅडम समुपदेशकाकडे आठ आठवड्यांची सत्रे लावा म्हणतात. दोन्हींचा खर्च आम्हाला झेपणार नाही. अशा कार्यक्रमांनी खरोखर फरक पडतो का? मी तिला रोज 'आता किती छान दिसतेस' म्हणते, पण त्याचाही उपयोग होत नाही.
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : फरक पडतो, परंतु तो किती आणि कशामुळे पडतो, याविषयी संशोधनातून दिसणारे चित्र जिमच्या फलकांपेक्षा आणि काही समुपदेशन केंद्रांच्या पत्रकांपेक्षाही बरेच संयत आहे.

आधी मानसिक उपायांविषयी. स्वतःच्या शरीराविषयीचे मत सुधारावे एवढ्याच हेतूने आखलेल्या कार्यक्रमांच्या 62 चाचण्यांचा एकत्रित आढावा जेसिका ॲलेवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली प्रसिद्ध केला. त्या चाचण्यांत मिळून 3,846 जण सहभागी होते. परिणामाचा आकडा निघाला 0.38. त्याचा अर्थ असा की, कार्यक्रमात भाग घेतलेली सर्वसाधारण व्यक्ती, भाग न घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे 65 जणांपेक्षा आपल्या शरीराविषयी अधिक समाधानी असते. कार्यक्रमाचा काहीच उपयोग नसता तर हा आकडा 50 राहिला असता. अपयशी प्रयोग सहसा छापले जात नाहीत आणि काही अभ्यासांची आखणीच कच्ची असते, हे जमेस धरून संशोधकांनी हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा परिणाम टिकला, पण लहान झाला. माझ्या मते या प्रामाणिक दुरुस्तीमुळेच तो आढावा विश्वासार्ह ठरतो.

याउलट, त्याच्या दहा वर्षे आधी झालेल्या एका आढाव्यात केवळ वर्तनबोधात्मक उपचारांचे अभ्यास घेतले होते आणि तेथे परिणाम पुष्कळच मोठा दिसला होता. या उपचारात मनात आपोआप उमटणारे विचार टिपून ते तपासले जातात आणि आपण जे टाळत आलो ते थोडेथोडे करून पाहिले जाते. निव्वळ पुस्तक वाचून स्वतःच केलेल्या उपचारापेक्षा प्रशिक्षित व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली केलेला उपचार सरस ठरतो, असेही त्यात आढळले. आपल्या मुलीसाठी ही बाब महत्त्वाची आहे, कारण तिची अडचण विचारांइतकीच टाळण्याचीही आहे. ओढणीच्या पिना आणि हळदीतला मोबाइल ही दोन्ही टाळण्याचीच साधने आहेत. त्यांनी त्या क्षणापुरती सुटका होते, आणि 'मी दिसले असते तर लोक हसले असते' हा समज मात्र कधीच तपासला जात नाही. चांगला समुपदेशक तिला एकदम समारंभात उभे करणार नाही. तो आधी एका मैत्रिणीसोबत एक फोटो, मग एक पिन कमी, मग अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून गल्लीतल्या दुकानापर्यंत, अशा पायऱ्या तिच्याकडूनच ठरवून घेईल आणि प्रत्येक पायरीनंतर, वाटले होते ते खरोखर घडले का, हे लिहायला लावेल.

आता व्यायाम. येथेही 2009 साली झालेल्या एका मोठ्या एकत्रित आढाव्यात व्यायामाने देहप्रतिमा, म्हणजे स्वतःच्या शरीराविषयीचे मत, सुधारते असेच दिसले, पण परिणाम लहान होता. खरा प्रश्न तो कोणत्या वाटेने होतो हा आहे. सामान्य समज असा की, व्यायामाने वजन घटते, वजन घटले की रूप बदलते आणि रूप बदलले की मन खूश होते. हा क्रम बहुतेकदा लागू पडत नाही. वजन किंवा दमसास प्रत्यक्ष किती सुधारला, याचा देहप्रतिमेशी असलेला संबंध आश्चर्य वाटावे इतका सैल आढळतो. आपल्याला आता अधिक जमते, आपले अंग आपल्या हुकमात आहे, ही जाणीव त्याहून अधिक कामाची ठरते. म्हणूनच वजनात फारसा फरक न पडलेल्या काही व्यक्ती व्यायामानंतर स्वतःविषयी समाधानी होतात, आणि आपल्या मुलीसारखे नऊ किलो उतरवूनही कोणी होत नाही.

व्यायामाचा हेतूही परिणाम ठरवतो. केवळ दिसण्यासाठी व्यायाम करणाऱ्या स्त्रिया, आरोग्यासाठी किंवा आवडीने करणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत, शरीराविषयी अधिक असमाधानी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. जागेचाही परिणाम होतो. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका प्रयोगात व्यायामाची सवय नसलेल्या तरुणींना एकदा आरशासमोर आणि एकदा आरशाविना सायकल चालवायला सांगितली गेली. आरशासमोर त्यांना कमी बरे वाटले. आपल्याकडच्या बहुतेक जिममध्ये भिंतभर आरसे असतात, दाराशी वजनकाटा असतो आणि वर 'आधी–नंतर' असे जोडफोटो लावलेले असतात. ज्या मुलीला आरशाचीच धास्ती आहे, तिला अशा खोलीत रोज तासभर उभे करायचे आणि वर पैसेही मोजायचे, हे मला पटत नाही.

म्हणून एकाच गोष्टीचा खर्च झेपणार असेल, तर तो समुपदेशनावर करावा आणि व्यायाम थांबवू नये, फक्त त्याची जागा बदलावी, असे मी सुचवेन. संभाजी तलावाकाठी सकाळी मैत्रिणीसोबत भरभर चालणे, पोहणे, बॅडमिंटन, योगासने यांपैकी तिला जे मनापासून आवडेल ते चालेल. आठवड्याला 150 मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रौढांसाठीचे किमान प्रमाण आहे. ते पाळायला पॅकेज लागत नाही. घरातला वजनकाटा मात्र काही महिने माळ्यावर टाकावा. नोंद ठेवायचीच असेल, तर आज किती अंतर न थांबता चाललो, किती जोर काढले, याची ठेवावी.

समुपदेशक निवडताना त्यांची शैक्षणिक अर्हता विचारावी, सत्रांत नेमके काय करणार हे विचारावे आणि दोन सत्रांच्या मध्ये घरी करायचे काम असेल का, हेही विचारावे. 'आत्मविश्वास वाढवू' एवढेच उत्तर मिळाल्यास दुसरीकडे चौकशी करावी.

सत्रे सुरू होईपर्यंत एक बिनखर्ची गोष्ट करता येईल. नेदरलँड्समध्ये ॲलेवा यांनीच तरुणींसाठी लेखनाचा एक छोटा उपक्रम तपासला आहे. त्यात शरीर कसे दिसते हे बाजूला ठेवून शरीर काय काय करते आणि ते आपल्याला का मोलाचे वाटते, यावर प्रत्येकी सुमारे पंधरा मिनिटे तीनदा लिहायचे असते. अशा लेखनाने त्या तरुणींचे आपल्या शरीराविषयीचे समाधान वाढले. माझ्याकडच्या एका गटात हाच उपक्रम घेतला, तेव्हा एका मुलीने पहिल्या दिवशी फक्त 'पाय – चालते' एवढेच लिहिले. तिसऱ्या दिवशी तिने आपल्या बोटांवर पानभर लिहिले: आजी विड्या वळते, तिच्याकडून पान कापायला शिकलेली ही बोटे, गड्ड्याच्या जत्रेत धाकट्या भावाला गर्दीतून धरून आणणारी ही बोटे, आणि शेवटी कंसात, 'जाड आहेत, पण असू देत.' आपल्या मुलीने काय लिहिले ते वाचायला मागू नये, एवढी एकच अट पाळावी.

आता थोडे आपल्याविषयी. 'आता किती छान दिसतेस' हे वाक्य प्रेमाचे आहे, यात शंका नाही. पण त्यातल्या 'आता'मुळे तिला दोन गोष्टी ऐकू येतात: आधी दिसत नव्हतीस, आणि वजन परत वाढले तर पुन्हा दिसणार नाहीस. कौतुक करावे, पण ते तिच्या कामाचे, बोलण्याचे, विनोदाचे करावे. घरी येणाऱ्या आत्या-मावश्यांनी 'उन्हात काळवंडलीस गं' असे सुरू केल्यास आपण विषय बदलावा. पुन्हा झाल्यास तिच्या देखत स्पष्टपणे थांबवावे. हे लिहिताना एक गोष्ट जाणवते. या विषयावरचे बहुतेक संशोधन युरोप-अमेरिकेतले असल्यामुळे त्यातल्या प्रश्नावल्या वजन आणि बांधा यांभोवती फिरतात. आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण' हा रकाना अजून भरावा लागतो, आणि वर्णावर कोणत्याही जिमचा इलाज चालत नाही. समुपदेशकाशी पहिल्या भेटीतच रंगाचा विषयही काढावा, नाहीतर ती तो स्वतःहून काढणार नाही.

रात्रीची भाकरी बंद करण्यापलीकडे ती जेवण टाळू लागली असेल, जेवणानंतर उलटी काढत असेल, पाळी चुकत असेल, दिवसाचा तासाहून अधिक वेळ एखाद्या अवयवातली खोट न्याहाळण्यात किंवा झाकण्यात जात असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर मात्र कार्यक्रमाची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. शासकीय रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात हे अल्प खर्चात होते. रात्री-अपरात्री बोलण्याची गरज पडल्यास केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : मी तेवीस वर्षांचा असून पोलीस भरतीची तयारी करतो. उंची आणि छाती दोन्ही मापात बसतात, तरी मला मी काडीसारखा वाटतो. दिवसातून कितीदा तरी शर्ट काढून आरशात दंड बघतो. जिममधला एक जण इंजेक्शनचा कोर्स घे म्हणतो. घ्यावा का?
— एक उमेदवार, अक्कलकोट रोड

उत्तर : घेऊ नये. ही इंजेक्शने बहुधा संप्रेरकांची (हार्मोन्सची) असतात. त्यांनी शरीराची स्वतःची संप्रेरकनिर्मिती दबते, शुक्राणूंची संख्या घटते, हृदयावर आणि रक्तदाबावर ताण येतो, आणि कोर्स संपल्यावर अनेकांना खोल नैराश्य येते.

पुरुषांसाठी उंची किमान 165 सेंटिमीटर आणि छाती न फुगवता 79 सेंटिमीटर, फुगवून त्याहून 5 अधिक, एवढीच भरतीची अपेक्षा आहे, आणि ती तुम्ही पूर्ण करता. म्हणजे भरतीचे निकष एक सांगतात आणि आरसा दुसरेच सांगतो. पुरेसे धडधाकट असूनही स्वतःला किरकोळ समजणे आणि वारंवार तपासणे ही तरुणांमध्ये आढळणारी, नाव असलेली आणि उपचार होणारी तक्रार आहे. वर सांगितलेली वर्तनबोधात्मक पद्धत तिच्यासाठीही वापरतात. सुदैवाने तुमच्या तयारीतच एक चांगला उपाय दडलेला आहे. 1600 मीटर धावणे, 100 मीटर आणि गोळाफेक यांची वेळ व अंतर वहीत लिहावे आणि प्रगती तेथेच मोजावी. आरशात दंड बघणे दिवसातून एका ठरावीक वेळेपुरते ठेवावे, मग एक दिवसाआड. दोन-तीन आठवड्यांत हे जमले नाही, किंवा त्यापायी अभ्यास आणि झोप बिघडू लागली, तर डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न : मी मुलींच्या शाळेत आठवीला शिकवते. 'सुंदर दिसण्याचा हव्यास' या विषयावर बाहेरच्या वक्त्यांचे एक तासाचे व्याख्यान ठेवण्याचा विचार आहे. उपयोग होईल का?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : एका व्याख्यानाने माहिती वाढते, मन फारसे बदलत नाही. ज्या कार्यक्रमांचा परिणाम टिकतो, ते बहुधा एकाहून अधिक तासिकांचे असतात आणि त्यांत मुलीच बोलतात. अमेरिकेत एरिक स्टाइस यांनी विकसित केलेल्या पद्धतीचा गाभाच हा आहे: सडपातळ आणि गोंडस दिसलेच पाहिजे या अपेक्षेविरुद्ध मुलींनी स्वतः युक्तिवाद करायचा, धाकट्या बहिणीला पत्र लिहायचे, एखादी जाहिरात घेऊन ती काय विकते आणि त्यासाठी आपल्याला कमीपणा कसा वाटायला लावते ते उलगडायचे. जे आपण चारचौघांत आपल्या तोंडाने मांडतो, त्याच्या विरुद्ध वागणे मनाला जड जाते.

त्याच्याही आधी एक काम करावे. आरोग्य तपासणीच्या वेळी वजनाचे आकडे वर्गात मोठ्याने वाचले जात असतील, तर ते बंद करावेत. काटा पडद्यामागे ठेवून आकडा थेट नोंदवहीत जावा. आणि मुख्याध्यापकांकडून चार तासिका मिळत नसतील तर दोन घ्याव्यात, पण त्या लागोपाठ न घेता मध्ये आठवडा ठेवावा आणि पत्राचे काम गृहपाठ म्हणून द्यावे.