गेमिंग आणि फोटो एडिटिंग या दोन्हींसाठी एकच मॉनिटर घ्यायचा असेल, तर कोणता घ्यावा?

दिवसा लग्नाच्या फोटोंचे एडिटिंग आणि रात्री गेम, अशा दोन्ही कामांसाठी २५ ते ३० हजारांत २७ इंची मॉनिटर हवा आहे; दुकानदार १८० हर्ट्झचा (सेकंदाला १८० वेळा चित्र बदलणारा) वक्र व्हीए मॉनिटर सुचवतो, मित्र आयपीएस घ्यायला सांगतो (व्हीए आणि आयपीएस हे एलसीडी पडद्याचे दोन प्रकार), तर कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मित्राचे ऐकावे. २५६० × १४४० पिक्सेलचा आयपीएस मॉनिटर आणि १४४ हर्ट्झ किंवा त्याहून थोडा अधिक रिफ्रेश रेट (चित्र बदलण्याचा वेग) आपल्या कामाला पुरेसा आहे. मात्र मॉडेल पक्के करण्याआधी त्यात नीट चालणारा एसआरजीबी मोड (रंग एसआरजीबी या प्रमाणित मर्यादेत ठेवणारी सेटिंग) आहे का, हे अवश्य पाहावे. आपल्या निवडीत सर्वांत जास्त वजन या एका गोष्टीला असावे, आणि जाहिरातीत नेमका तिचाच उल्लेख क्वचित सापडतो.

खोक्यावर ‘डीसीआय-पी३ ९५ टक्के’ किंवा ‘एसआरजीबी १३० टक्के’ असे आकडे ठळक छापलेले असतात (डीसीआय-पी३ ही सिनेमासाठी ठरवलेली, एसआरजीबीहून मोठी रंगव्याप्ती). मॉनिटर किती भडक रंग दाखवू शकतो एवढेच त्यांवरून कळते; दाखवलेला रंग बरोबर आहे की नाही, हे कळत नाही. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेले एसआरजीबी हेच परिमाण आजही इंटरनेटवरच्या बहुतेक चित्रांचे आहे, आणि अल्बम छापणाऱ्या लॅबलाही सहसा त्यातलीच जेपेग फाइल द्यावी लागते. रंगांची व्याप्ती याहून मोठी असलेला मॉनिटर विंडोजला जोडला, की रंगांचे रूपांतर न करणारे प्रोग्राम तीच मूल्ये ताणून दाखवतात. हळदीच्या फोटोतला पिवळा भडक होतो, नवरीच्या गालांवर नसलेली लाली चढते आणि लाल शालूच्या घड्या एकमेकींत मिसळून जातात. आपण डोळ्यांना बरे दिसेपर्यंत रंग उतरवत नेता आणि अल्बम छापून येतो तो फिकट. फोटोशॉप आणि लाइटरूम मॉनिटरचे प्रोफाइल (त्याच्या रंगांची नोंद असलेली फाइल) बरोबर असेल तर हे रूपांतर स्वतः करतात, परंतु बहुतेक गेम आणि फोटो उघडायचे अनेक साधे प्रोग्राम ते करत नाहीत. एसआरजीबी मोडमुळे ही व्याप्ती मॉनिटरमध्येच आवरली जाते.

हा मोड असणे पुरेसे नाही. काही मॉनिटरांत तो सुरू करताच ब्राइटनेसची पट्टी कुलूपबंद होते आणि पडदा आहे त्या उजेडावर अडकून पडतो. एडिटिंगला १२० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक) आसपास उजेड लागत असल्याने असा मोड निरुपयोगी ठरतो. म्हणून मोजमापे देणारे एखादे सविस्तर परीक्षण शोधून त्यात एसआरजीबी मोडमधला डेल्टा ई पाहावा. हा आकडा मूळ रंग आणि दिसणारा रंग यांतला फरक सांगतो; तो सरासरी २ च्या आत असेल, तर फरक नजरेला सहसा जाणवत नाही.

आता वेग. ६० हर्ट्झला एक फ्रेम पडद्यावर सुमारे १६.७ मिलिसेकंद राहते, १४४ ला ६.९ आणि १८० ला ५.६. पहिल्या उडीत जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, दुसरीत सव्वा ते दीड. त्यामुळे १८० च्या आकड्यासाठी रंगांवर पाणी सोडणे मला पटत नाही. खोक्यावरचा ‘१ एमएस’ तर बहुधा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलचा रंग जोर लावून झटपट बदलण्याची सेटिंग) शेवटच्या पायरीवर नेऊन किंवा बॅकलाइटची, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याची, उघडझाप करून मिळवलेला असतो, आणि ओव्हरड्राइव्ह तेवढा ताणला की हलत्या वस्तूंमागे फिकट कडा उमटतात. मधली पायरी ठेवावी.

व्हीएच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्याचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याहून किती पट उजळ, ते प्रमाण) साधारण ३०००:१ असतो, आयपीएसचा १०००:१. अंधाऱ्या खोलीत आयपीएसवरचा काळा राखाडी वाटतो आणि कोपरे किंचित उजळ दिसतात. मॉनिटरच्या मागे भिंतीवर मंद दिवा लावल्यास हा त्रास बराच कमी होतो. पण स्वस्त व्हीएमध्ये गडद रंग बदलायला वेळ लागतो, त्यामुळे काळोख्या दृश्यांत कॅमेरा फिरवला की सावल्या मागे फरफटतात, आणि बाजूने पाहिल्यावर रंग व सावल्यांचा गडदपणा बदलतो. फोटोच्या कामाला हा दुसरा दोष अधिक जाचक आहे. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणाऱ्या ओएलईडी पडद्यामध्ये काळा खरोखर काळा असतो, परंतु ते मॉनिटर आपल्या रकमेत बसणारे नाहीत. ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ या शिक्क्यासाठी (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवण्याच्या क्षमतेचे प्रमाणपत्र) जादा पैसे मोजू नयेत.

मॉनिटर घरी आल्यावर तो डिस्प्लेपोर्ट केबलने जोडावा आणि विंडोजच्या प्रगत डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट तपासावा, कारण पुष्कळदा तो ६० वरच राहिलेला असतो. नंतर पडदाभर काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा असे एकेक रंग लावून मेलेले पिक्सेल शोधावेत, आणि हे काम परतीची मुदत संपण्याआधी उरकावे. ओळखीच्या फोटोग्राफरकडे कॅलिब्रेशनचे (पडद्याचे रंग मोजून दुरुस्त करण्याचे) यंत्र असेल, तर ते एका दिवसासाठी मागून आणावे. उजेड १२० निट्स, पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन आणि गॅमा (मधल्या छटांचा उजेड ठरवणारा आकडा) २.२ असे लक्ष्य ठेवून प्रोफाइल बनवावे आणि मगच पुढच्या अल्बमचे काम हाती घ्यावे.