जादूगाराला काटकपणा किती हवा?
काटकपणाला, म्हणजे कॉन्स्टिट्यूशनला, एकही कौशल्य जोडलेले नसताना जादूगाराने त्यावर गुण खर्च करावेत का, या प्रश्नाला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीपुरते माझे उत्तर ठामपणे होकारार्थी आहे. १० ऐवजी १४ गुण ठेवले, तर प्रत्येक पातळीमागे २ हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती नुकसान सोसू शकते ते दाखवणारे अंक, वाढतात. नियमांतली ठरावीक सरासरी धरल्यास पाचव्या पातळीवरचा जादूगार २२ ऐवजी ३२ हिट पॉइंट घेऊन उभा राहतो, आणि इतक्या नाजूक पात्रासाठी हा फरक जीवनमरणाचा असतो. त्याहून मोलाची आहे ती एकाग्रता, म्हणजे चालू मंत्र टिकवून धरणे: घाव बसताच फाशावर पडलेल्या अंकात काटकपणाचा बोनस मिळवून १० किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मे, यांपैकी मोठी संख्या गाठावी लागते, अन्यथा चालू मंत्र तिथेच विरतो. मी बुद्धिमत्तेनंतर लगेच इथेच गुण ठेवतो. १६च्या पुढे मात्र घाईने जाऊ नये.