गव्हाला हमीभाव असताना शेतकरी व्यापाऱ्याला पडेल भावात का विकतात? थोडं थांबून का विकत नाहीत?

थांबून का विकत नाहीत, हे तुम्ही इतक्या सहज विचारलंय की मला आमच्या दाजींचीच आठवण झाली. दाजी पुण्यात कंपनीत आहेत. दर दिवाळीला आमच्या सोप्यात बसून हाच प्रश्न विचारतात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

हमीभावाचं आधी उरकून टाकतो. हमीभाव आहे म्हणून त्याखाली कुणी घ्यायचंच नाही, असा काही व्यापाऱ्यावर बंधनाचा प्रकार नसतो. सरकार स्वतः घ्यायला उभं राहिलं तर त्या भावानं घेतं, एवढंच. आणि गहू घ्यायला ते उभं राहतं मुख्यतः पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशात. आमच्या कर्नाटकातल्या चिक्कोडीकडं हरभऱ्याचं केंद्र उघडलेलं बघितलंय, गव्हाचं या पंचेचाळीस वर्षांत एकदाही नाही. खपलीला, म्हणजे टरफलाच्या जुन्या गव्हाला, तर वेगळा हमीभावच नाही.

आता थांबण्याचं. मी थांबलोय. २०२३ साली.

आदल्या वर्षी, १३ मे २०२२ ला, सरकारनं गव्हाची निर्यात बंद केली. तरी पुढं भाव चढत गेला. जानेवारीत आमच्या शेजाऱ्यानं घरातला जुना गहू क्विंटलला २९०० नं घातला आणि गावभर सांगत सुटला. मी उसाचा खोडवा काढून दीड एकर गहू केलेला, तो अजून पोटरीत, ओंबी बाहेर पडायची होती. मनात म्हटलं, आपले तीन हजार कुठं गेले नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं साठ्यातला ३० लाख टन गहू बाजारात काढायचं जाहीर केलं, आणि फेब्रुवारीत त्याचा लिलावाचा तळभाव २१५० वर आणून ठेवला. हमीभाव त्या हंगामाला होता २१२५. शहरात आटा महागला म्हणून केलं, असेल बरोबर. पण कापणी कधी असते हे दिल्लीत कुणाला माहीत नसावं असं मला वाटत नाही.

मार्चमध्ये माल झाला २२ क्विंटल. भाव निघाला २३५०. दाजींचा फोन, "हार्वेस्टला विकायचं नसतं रे, जूनपर्यंत होल्ड कर." होल्ड करायला काय लागतं ते फोनवर दिसत नाही. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज बिनव्याजी असतं, पण तारखेला भरलं तर. तारीख चुकली की व्याज बसतं आणि पुढच्या वर्षीचं कर्जही अडकतं. शेवटी बायकोच्या पाटल्या ठेवल्या, पन्नास हजार उचलले, शेकडा एक रुपया महिना, आणि सोसायटी भरली. दाजींना हे अजून सांगितलेलं नाही.

खळ्यावर असताना वळवाची एक सर गव्हाला लागून गेली होती. दोन दिवस वाळवला, पण दाताखाली कट्ट आवाज येईपर्यंत वाळवायला पाहिजे होता, तेवढा नाही झाला. चव्वेचाळीस पोती माजघरात फळ्यांवर रचली, मधे लिंबाचा पाला घातला. मेच्या शेवटी एका पोत्यात हात घातला तर गहू कोमट लागला. तेव्हाच कळलं. हात बाहेर काढला तर मनगटाला पीठ आणि त्यावर दोन सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, चालत होते.

जूनच्या मध्याला टेंपो भरून यार्डात नेला. कुठल्या यार्डात ते सोडा. अडत्यानं पोत्यात नळी खुपसून मूठभर गहू काढला, तळहातावर पसरला, फुंकर मारली आणि म्हणाला, "पावणं, वरनं लिमिट आलंय की ओ. घेऊन ठेवायचं कुठं?" लिमिट, म्हणजे साठ्यावरची सरकारी मर्यादा, आलं होतं हे खरं, १२ जूनला. पण ते व्यापाऱ्याला ३००० टनांचं होतं, म्हणजे ३० हजार क्विंटल. त्याच्या दुकानात त्या दिवशी तीनशे पोती नव्हती. हे मी बोललो नाही, कारण सोंडे माझ्या गव्हात होते. सौदा झाला २२१० ला.

त्याहून लागलं ते वेगळंच. पट्टी, म्हणजे अडत्याचा हिशेबाचा कागद, कानडीत असते, आकडे वाचता येतात. पोत्यामागं एक किलो वजा, बारदानाचा म्हणजे रिकाम्या पोत्याच्या वजनाचा म्हणून. माझी पोती युरियाची धुतलेली, प्लास्टिकची. घरी येऊन वाण्याच्या काट्यावर रिकामं पोतं ठेवलं, ११० ग्रॅम. चव्वेचाळीस पोत्यांचं मिळून पाच किलो भरत नाही, वजा झाले चव्वेचाळीस किलो. सगळं धरून थांबण्याचा हिशेब असा: भावात ३०८० गेले, बारदानात साडेआठशेच्या वर, पाटल्यांचं व्याज पंधराशे. हमाली आणि टेंपो धरलेला नाही.

आमचे आण्णा १९८१ ला निपाणीच्या तंबाखू आंदोलनात हायवेवर बसलेले. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आलेले, ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. पट्टी बघून आण्णा एवढंच म्हणाले, "तवा तंबाखू हातात चुरगळून भाव सांगत, आता गव्हावर फुंकर मारत्यात."

दाजींचं दुसरं पालुपद म्हणजे गोदामाची पावती. योजना चांगली आहे, खोटं कशाला बोलू. नोंदणी झालेल्या गोदामात माल ठेवला की पावतीवर कर्ज मिळतं, किसान कार्ड असेल तर सहा महिन्यांपर्यंत सवलतीचं व्याज. पण बावीस क्विंटलसाठी तिथवर भाडं घालायचं, वाळवण आणि प्रत तपासून घ्यायची, परत उचलायला भाडं. दहा जणांनी मिळून एक ट्रक केला तर परवडेल. आमच्या गल्लीत दहा जण मिळून गणपती बसवतात, गहू नाही.

मग करायचं काय? साध्या गव्हात साठवणुकीचा जुगार लहान शेतकऱ्यानं खेळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरापुरता ठेवा, बाकी कर्जाच्या तारखेआधी काढा. थांबायचं असेल तर खपली करा. खपली टरफलासकट ठेवता येते, त्यामुळं कीड सहजासहजी लागत नाही. गिऱ्हाईक आलं की तेवढीच सडून, म्हणजे टरफल काढून, द्यायची. शंभर किलोला पासष्ट-सत्तर किलो हातात येते, हे भाव सांगताना विसरू नका, मी पहिल्या वर्षी विसरलो होतो. खिरीला आणि पुरणपोळीला मागणारे वर्षभर मागतात.

एक सांगायचं राहिलं. तो अडत्या काही राक्षस नाही. २०१९ च्या पुरात दूधगंगेचं पाणी आमच्या उसात आठ दिवस होतं, तेव्हा सोसायटीच्या आधी त्यानंच चाळीस हजार दिले, कागद न करता. त्यातले थोडे २०२३ पर्यंत द्यायचे होते. त्यामुळं दुसऱ्या दुकानात पोती उतरवायचा प्रश्नच नव्हता, आणि पट्टीवर भांडायचाही नव्हता. खरं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी इथूनच सुरू करायला हवं होतं.

आणि ओलावा माझ्या चुकीनं राहिला, तेही आहेच.

यंदा एकरभर खपली आहे. दाजींनी दिवाळीतच वीस किलो सांगून ठेवलीय, सडून, निवडून. भाव विचारलेला नाही.