मरारींच्या गाड्या

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्या 25व्या अध्यायाशी, म्हणजे निवासमंडपाच्या, रानातल्या त्या उपासनेच्या तंबूच्या मोजमापांशी वाचन अडलं, हे कळवलंस ते बरं केलंस. तांबडा समुद्र, मान्ना इथवर सगळं झरझर जातं आणि मग एकदम हात, वीत, कड्या, आकड्या. सुताराचं अंदाजपत्रकच! तुझ्या वयात मीही ती पानं उलटून थेट सोन्याच्या वासरापाशी जायचो.

तू पाठवलेला त्यावरचा संदेश, म्हणजे प्रवचन, ऐकला. पडद्यांतला निळा म्हणजे अमुक, किरमिजी म्हणजे तमुक, एकेका कडीला अर्थ. मला ते फारसं रुचत नाही. नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र लिहिणाराही दीपवृक्ष, कोश (कराराची पवित्र पेटी), करूब (पंखांच्या स्वर्गीय आकृती) अशी नावं घेतो आणि तपशिलात शिरायचं टाळतो. अंतरपटाचं, परमपवित्र जागेपुढच्या पडद्याचं मात्र तो स्पष्ट सांगतो: पडदा म्हणजे ख्रिस्ताचा देह. मला तेवढं पुरतं.

तू आपली उथळ्यांपासून, फळ्यांखालच्या बैठकांपासून सुरुवात कर. निवासमंडपाच्या 48 फळ्या, प्रत्येक दहा हात उंच. प्रत्येकीखाली चांदीच्या दोन उथळ्या, शिवाय अंतरपटाच्या खांबांच्या चार, म्हणजे 100. एकेक उथळी एक किक्कार वजनाची, तीस किलोच्या आसपास. ही चांदी आली कुठून? शिरगणतीत प्रत्येक पुरुषानं आपल्या जिवाबद्दल अर्धा शेकेल चांदी भरली त्यातून. श्रीमंतानं जास्त द्यायचा नाही, गरिबानं कमी नाही. एक किक्कार म्हणजे 3,000 शेकेल, तेव्हा एका उथळीत 6,000 माणसं वितळलेली! सोन्यानं मढवलेली ती भिंत वाळूवर नव्हे, जिवाच्या खंडणीच्या, म्हणजे सुटकेच्या पैशावर उभी होती. प्रेषित पेत्र ‘सोन्यारुप्यानं नव्हे, तर ख्रिस्ताच्या रक्तानं’ तुमची सुटका झाली असं लिहितो, तेव्हा मला या उथळ्याच दिसतात.

आता तुझी दुसरी तक्रार. तरुण संघात बोलायला दुसरे, चटया आणि स्पीकरच्या वायरी मात्र तुझ्याकडे.

मंडपाचं सामान लेवी वंशातली तीन घराणी वाहत. मुक्काम हलला की या उथळ्या, फळ्या, अडसर, मेखा, तणावे मरारी घराण्याकडे असत. चार गाड्या, आठ बैल. गेर्षोनी घराण्याकडे पडदे, दोन गाड्या. तिसऱ्या, कहाथी घराण्याला गाडी नाही. कोश, मेज, दीपवृक्ष त्यांच्या खांद्यावर. मानाचं काम खरं, पण याजक ते सगळं आधी झाकून देत. उघडं पाहिलं तर मरण. कोश वाहणाऱ्याला कोश दिसत नसे! आणि मरारींचं सामान? गणना पुस्तकातलं 4:32 वाच. वस्तू नावानिशी मोजून ताब्यात द्यायच्या. मेखासुद्धा.

हे सांगून मी तुला गप्प बसवत नाहीये. दर वेळी चटया मुलींनीच का उचलायच्या, हे मलाही खटकतं. पाळकसाहेबांशी या आठवड्यात बोलतो. पुढच्या महिन्यातला एक संदेश तू दे, विषय तुझा तू निवड.

मात्र त्याआधी गणना 10:17 ते 21 वाचून ठेव. निघायचा क्रम बघ. मरारी आणि गेर्षोनी पुढे, कहाथी बरेच मागून. कारण पवित्र वस्तू घेऊन ते पोचायच्या आत मंडप उभा झालेला हवा.

तुझा,
काका