वळताना कटकट आवाज येतोय? आधी जॉइंटवरचा रबरी बूट बघ

स्टेअरिंग पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दिला की चाकातून कटकट येत असेल, तर बहुतेक बाहेरचा सीव्ही जॉइंट (एक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा, वळतानाही चाकाला ताकद पोचवणारा सांधा) गेलाय. सकाळी एखाद्या मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना हळू गोल फिरवून बघ. सरळ जाताना, जोर दिल्यावरच गाडी थरथरत असेल तर आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर संशय घे. वेगाबरोबर घूं-घूं वाढत असेल तर ते चाकाचं बेअरिंग, आणि खड्ड्यात खटखट झाली तर सस्पेन्शनचा बॉल जॉइंट किंवा लिंक रॉड. हे न तपासता एक्सल (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा शाफ्ट) बदलायला हो म्हणू नकोस. पैसे जातात, आवाज तसाच राहतो.

मग चाकामागे टॉर्च मार. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं की बूट फाटलाय. आवाज नसेल तर जॉइंट धुऊन, नवं मॉली ग्रीस (सीव्ही जॉइंटसाठीचं मॉलिब्डेनमवालं ग्रीस) भरून फक्त बूट बदललास तरी भागतं. पावसाळ्यात मात्र दिरंगाई नको, चिखल आत गेला की जॉइंट खातोच.

स्वतः करणार असशील तर एक्सल नट चाक जमिनीवर असतानाच ढिला कर. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही, स्टँड हवाच. एक्सल काढताना शाफ्टला धरून ओढू नकोस, आतला जॉइंट सुटतो. गिअरबॉक्सजवळ पान्याने हलकेच उचकव. गिअरबॉक्सचं ऑइल सांडेल, खाली ट्रे ठेव, नंतर लेव्हलपर्यंत भर. गिअरबॉक्सचं ऑइल सील आणि एक्सल नट नवेच घे. टॉर्कचा (नट किती जोराने आवळायचा त्याचा) आकडा तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच.